आधी कॉलर दाबून बघा: कोकणातल्या पावसात गी, रॅशगार्ड आणि मॅट

दुकानात गी, म्हणजे ज्यूदो आणि जिउ-जित्सूचा जाड सुती पोशाख, हातात आली की बहुतेक जण आधी रंग बघतात, मग खांद्यावरचे बिल्ले, मग किंमत. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या माणसाने आधी कॉलर दाबून बघावी. मृग लागला की पुढचे चार महिने जॅकेटचं कापड पंख्याखाली कसंबसं वाळतं, पँटही वाळते. कॉलरचा आतला गाभा मात्र ओलाच राहतो. बुरशीचे काळे ठिपके तिथेच पहिले उठतात, आंबूस वास तिथूनच सुरू होतो आणि समोरच्याची हनुवटी नेमकी तिथेच घासते.

म्हणून या परीक्षणाची मुख्य कसोटी एकच ठेवली आहे. आज संध्याकाळी सातला घामाने भिजलेली वस्तू उद्या संध्याकाळी सातला अंगात घालण्याइतकी कोरडी होते का? परदेशी परीक्षणांत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तिथे घरोघरी ड्रायर असतो. आपल्याकडे पडवीतली दांडी असते आणि तिच्यासमोर पागोळ्या गळत असतात. शिलाई, माप, पकड हे सगळं पुढे येईलच. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. एकच कंपनी तीन विणींच्या गी विकते आणि तिन्ही पावसात तीन तऱ्हांनी वागतात. वीण, गाभा आणि शिवण ओळखता आली की नावावाचून अडत नाही.

नवख्यांसाठी दोन ओळी. गी म्हणजे ज्यूदो आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू या धरपकडीच्या खेळांत घालायचं जाड सुती जॅकेट, पँट आणि पट्टा. कानो जिगोरो यांनी १८८२ साली कोदोकान सुरू केलं, तिथून ज्यूदो वाढला. त्यांच्या परंपरेतले माएदा मित्सुयो १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले आणि त्यांच्याकडून ही विद्या तिथल्या ग्रेसी घराण्याकडे गेली, त्यातून ब्राझिलियन जिउ-जित्सू घडलं. गीशिवाय, म्हणजे रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा, ताणणारा टी-शर्ट) आणि शॉर्ट्सवर खेळायची ती नो-गी. तिची सगळ्यात मानाची स्पर्धा एडीसीसी १९९८ पासून होते. लंगोटावर मातीत उतरणाऱ्या आपल्या पैलवानाला नो-गीचं नवल वाटत नाही, त्याला गीचं वाटतं. आणि गी दमट हवेला काही अनोळखी नाही, जपानचा उन्हाळाही चिकटच असतो. फक्त तिथला पावसाळा साधारण दीड महिन्यात आटोपतो. आपला गणपती उठले तरी आटोपत नाही.

गीच्या विणी

लेबलवरचा जीएसएमचा आकडा म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. तो फक्त जॅकेटच्या कापडाचा असतो. पँट वेगळ्या कापडाची असते आणि तिचं वजन बरेचदा औंसांत लिहिलेलं असतं. त्यामुळे '३५० जीएसएम' वाचून अख्खी गी हलकी समजू नका. १२ औंसांची ड्रिलची पँट असली तर हलक्या जॅकेटचा सगळा फायदा ती खाऊन टाकते.

पर्ल वीण सगळ्यात सहज मिळते. कापडावर साबुदाण्यासारखे बारीक उठाव दिसतात. ३५० ते ४५० जीएसएममध्ये येते. मध्यम मापाची पूर्ण गी दीड किलोच्या आसपास भरते. मशीनमध्ये नीट पिळून काढली आणि रात्रभर पंख्याखाली राहिली, तर ३५० ची पर्ल जुलैतही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घालण्याजोगी होते. ४५० ची होतेच असं नाही. मुसळधार पावसाच्या आठवड्यात ती काखेत आणि कॉलरपाशी दमट राहते. हा शंभर जीएसएमचा फरक दुकानात बोटांना कळत नाही, पडवीत बरोबर कळतो.

गोल्ड वीण साधारण ५५० च्या घरात. अंगावर मऊ बसते, समोरच्याला पकड धरायला जरा जड जाते, वर्षानुवर्षं टिकते. नोव्हेंबर ते मे या काळात हिच्याबद्दल तक्रार नाही. जून ते सप्टेंबर हिला दोन दिवस द्यावे लागतात आणि तेवढ्यात वास धरतो. एकच गी घेणार असाल तर ही नको. दुसरी म्हणून, कोरड्या दिवसांसाठी, जरूर घ्या.

ज्यूदोच्या डबल विणीच्या जड गी स्पर्धेसाठी बनतात. अशी गी घरात पडून असेल आणि जिउ-जित्सूला चालेल का असं विचाराल, तर सरावाला चालते. बाह्या जास्त घेरदार असल्याने समोरच्याला पकड आयती मिळते आणि जॅकेट खाली लांब येतं, एवढंच. उलटं मात्र जमत नाही. जिउ-जित्सूची आखूड, अंगाबरोबर बेतलेली गी ज्यूदो स्पर्धेच्या मोजणीत बाद होऊ शकते, कारण तिथे बाही मनगट झाकणारी आणि सैल लागते. पावसाळ्यात रोज वापरायला डबल वीण घेणं म्हणजे ओली गोधडी पांघरून फिरणं.

रिपस्टॉपचं जॅकेट, म्हणजे छत्रीच्या कापडासारखी बारीक चौकट असलेलं, भराभर वाळतं. तरी त्याची शिफारस करवत नाही. ते घाम शोषत नाही, अंगाला चिकटतं आणि गळ्याला खरखरतं. रिपस्टॉपची पँट मात्र उत्तम. पर्लचं जॅकेट आणि रिपस्टॉपची पँट ही जोडी कोकणाला सगळ्यात चांगली बसते. पँट घेताना गुडघ्याचं अस्तर नडगीच्या मध्यापर्यंत उतरलंय का आणि दोन मांड्यांमधला जोड एकाच उभ्या शिवणीवर न सोडता त्याला चौकोनी कळी लावली आहे का, हे बघा. फाटली तर पँट तिथूनच फाटते, आणि भर क्लासात फाटते.

कॉलर

कॉलरचं खालचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरा, दुमडा आणि सोडा. फोमचा, म्हणजे ईव्हीएचा गाभा लगेच उसळून सरळ होतो आणि हाताला हलका लागतो. कापडाच्या घड्या घालून भरलेला गाभा क्षणभर दुमडलेलाच राहतो आणि जड वाटतो. बंद छिद्रांचा फोम पाणी पीत नाही; त्याच्याभोवतीचं कापड वाळलं की काम झालं. घड्यांचा गाभा पाणी पितो आणि त्यावर कापडाचं आवरण असल्याने आत वारं पोचत नाही. कोकणासाठी फोमचाच गाभा, इथे तडजोड नाही.

दुकानात कळलं नाही तर पहिल्या धुण्यात कळेल. मशीनमध्ये पिळल्यावर जॅकेट कॉलरचं टोक खाली येईल असं टांगा आणि अर्ध्या तासाने ते टोक चिमटीत दाबा. पाणी निथळलं तर गाभा पाणी धरणारा आहे. अशी गी परत करता आली तर करा, नाहीतर ती दिवाळीनंतरची गी समजा.

फोमच्या कॉलरला एकच पथ्य: इस्त्री नाही. उष्णतेने फोम आकसतो, वाकडा होतो आणि कॉलर कायमची सुरकुतते. घड्यांच्या गाभ्याला उलट अर्धओल्या अवस्थेत गरम इस्त्री फिरवणं हाच त्यातल्या त्यात इलाज. वीज असली तर.

स्पर्धेच्या नियमात कॉलरची जाडी १.३ सेंटिमीटर आणि रुंदी ५ सेंटिमीटर ठरलेली आहे. त्याहून जाड कॉलर मुठीत धरता येत नाही, म्हणजे गळा आवळायच्या डावांना तो अन्याय. हात समोर सरळ धरल्यावर बाही मनगटापासून ५ सेंटिमीटरहून जास्त वर राहता कामा नये आणि बाहीत ७ सेंटिमीटरची मोकळी जागा लागते. पँटही घोट्याच्या हाडापासून ५ सेंटिमीटरहून वर नको. रंग तीनच: पांढरा, रॉयल निळा, काळा. हे आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाचे, म्हणजे आयबीजेजेएफचे नियम. सरावाला याचं बंधन नसलं तरी माप घेताना हेच आकडे उपयोगी पडतात, कारण सूत आखडतं. 'प्री-श्रंक' लिहिलेली गीसुद्धा पहिल्या तीन धुण्यांत बाहीत एक-दोन सेंटिमीटर जाते. नवी कोरी असताना बाही मनगटाच्या हाडाला टेकली पाहिजे. तेव्हाच आखूड असली तर पुढे फक्त आखूडच होणार.

आणि खरेदी आगोटीबरोबर करा. सुकी मासळी, मसाले, लाकूडफाटा भरतो तशीच गीही एप्रिल-मेमध्ये घरात यावी. त्या उन्हात तीन धुणी थंड पाण्यात काढली की आखडायचं ते आखडून घेतं, माप चुकलं असेल तर बदलून घ्यायला वेळ राहतो. तालुक्याच्या गावी कुरियरने वस्तू परत पाठवणं पावसाळ्यात सोपं नसतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मागवलेली गी म्हणजे पहिल्याच धुण्याला बुरशीशी गाठ.

पांढरी की निळी? निळी गी जांभ्याच्या तांबड्या धुळीचे डाग लपवते आणि बुरशीही लपवते. पांढरीवर दोन्ही लगेच दिसतात, आणि दिसलेलं बरं. तांबडे डाग लोहाचे असतात. त्यावर क्लोरीनचं ब्लीच घातलं तर ते जातच नाहीत, उलट पक्के बसतात. लिंबाचा रस आणि मीठ चोळून उन्हात ठेवावं, मग स्वच्छ धुवावं. ब्लीच आणि कुठलंही आंबट द्रव्य एका बादलीत कधीही नको. त्यातून विषारी वायू सुटतो.

धुणं आणि वाळवणं

गीचं आयुष्य पहिल्या तासात ठरतं. क्लासमधून निघाल्यावर ती पिशवीत कोंबून रात्रभर ठेवली की सकाळी कुठलाही साबण तो वास काढू शकत नाही. घरी पोचताच बादलीत टाका. धुवायला जमणार नसेल तर निदान उलटी करून दांडीवर टाका.

अर्ध्या बादली पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून वीस मिनिटं भिजवावं, मग नेहमीची पावडर, तीही कमीच. जास्त पावडर पूर्ण निघत नाही आणि उरलेला साबण ओल धरून ठेवतो. खळखळून दोन पाण्यांतून काढायचं. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. तो धाग्यावर थर चढवतो, कापड घाम शोषेनासं होतं आणि वास मात्र धरतं.

पिळणं हातात नको. ओलं जॅकेट दोघांनी दोन टोकं धरून पिळलं की खांद्याच्या शिवणी ताणतात, कॉलरला पीळ बसतो. सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा स्पिनर या कामाला फुल ऑटोमॅटिकपेक्षा सोयीचा, कारण फक्त पिळायचं काम वेगळं दोनदा करता येतं. जॅकेट गोल गुंडाळून ड्रमच्या कडेने सारखं बसवा, पँट दुसऱ्या बाजूला. वजन एकीकडे गेलं की स्पिनर थडथडतो आणि उड्या मारतो. पूर्ण वेळ एकदा फिरवा, बाहेर काढून झटका, कॉलर वर येईल अशी उलट गुंडाळा आणि पुन्हा फिरवा. ही दुसरी फेरी बरेच जण टाळतात. रात्रभराचं वाळणं तिच्यावरच अवलंबून असतं.

टांगायचं ते हँगरवर नाही. ओल्या जॅकेटच्या वजनाने बारीक हँगर वाकतो, खांद्यावर उंचवटे येतात, आणि लोखंडी असेल तर खाऱ्या हवेत त्याचा गंज पांढऱ्या कापडावर उतरतो. जाड बांबू किंवा पीव्हीसीचा पाइप एका बाहीतून दुसऱ्या बाहीत काढा, म्हणजे काखा उघड्या राहतात. जॅकेट उलटं, पँटही उलटी, नाडी पूर्ण सैल. नाडीची नळी ही कॉलरच्या खालोखाल ओल धरणारी जागा. चपटी सुती नाडी सुटत नाही पण वाळतही नाही. गोल दोरीसारखी, किंचित लवचीक नाडी पावसाला बरी. पंखा समोरून नको, खालून किंवा तिरका हवा, वारं जॅकेटच्या आत शिरलं पाहिजे. चुलीवरच्या दांडीवर टाकलेली गी वाळते खरी, पण धुराचा वास तिसऱ्या धुण्यापर्यंत जात नाही आणि मॅटवर तुमच्याखाली अडकलेल्या माणसाला तो नाकात घ्यावा लागतो.

पट्टाही धुवायचा. धुतला तर पट्ट्यातली विद्या जाते अशी समजूत अजून ऐकू येते. घाम, मॅटवरची धूळ आणि चार जणांचे हात जिथे लागतात ती वस्तू न धुण्यात कसली विद्या!

रॅशगार्ड आणि शॉर्ट्स

वाळण्याच्या कसोटीवर इथे स्पर्धाच नाही. पॉलिएस्टर आणि स्पँडेक्सचा (ताणणाऱ्या धाग्याचा) रॅशगार्ड पिळून टांगला की भर पावसातही काही तासांत कोरडा. एका गीच्या किमतीत दोन-तीन सहज येतात. मग सगळ्यांनी नो-गीच का करू नये? त्याचं उत्तर पुढे. आधी कापड.

स्पँडेक्सचं प्रमाण १५ ते २० टक्के असावं. त्याहून कमी असलं तर ताण बसल्यावर कापड मूळ आकारात येत नाही, कोपरापाशी पिशव्या होतात आणि त्यात समोरच्याची बोटं अडकतात. छपाई कापडात मुरलेली हवी, म्हणजे सब्लिमेशनची. वरून चिकटवलेलं जाड चित्र घासून सोलतं आणि तोवर त्याखालचं कापड श्वास घेत नाही. शिवणी चपट्या, चार धाग्यांच्या असाव्यात. उलट्या बाजूने बोट फिरवल्यावर कंगोरा लागला तर तो काखेत आणि मानेला घासणारच. कमरेच्या घेराला आतून सिलिकॉनची पट्टी असेल तर रॅशगार्ड वर चढत नाही. एकच खोट: या पट्टीखाली घाम साचून काहींना पुरळ येतं.

पॉलिएस्टर लवकर वाळतं पण वास सुतापेक्षा जास्त धरतं. नीट धुतलेला रॅशगार्ड अंगात घालून घाम आला की दहा मिनिटांत जुना वास परत येतो, हे त्याचंच लक्षण. उपाय व्हिनेगरचाच, अर्धा तास भिजवून. गरम पाणी, क्लोरीन आणि इस्त्री, तिन्ही स्पँडेक्सचे वैरी. त्याचा ताण गेला की रॅशगार्ड साधा ढगळ बनियन होतो.

बाजारपेठेतल्या खेळाच्या दुकानात क्रिकेटवाल्यांसाठी पूर्ण बाह्यांचे कॉम्प्रेशन टी-शर्ट मिळतात. सुरुवातीला तेच घ्या, काही बिघडत नाही. कापड पातळ असतं, खांद्याची शिवण काही महिन्यांत हसायला लागते, पण तोवर आपण टिकतोय की नाही हे कळलेलं असतं. शॉर्ट्सच्या बाबतीत मात्र अशी काटकसर करू नका. फुटबॉलच्या काही शॉर्ट्सना खिसे असतात, खिशात समोरच्याचं बोट किंवा अंगठा जातो आणि सांधा निखळतो. चेन, बटण, बाहेर लोंबणारी नाडी, कडक वेलक्रो, सगळं बाद. कडेला चीर, मांड्यांमध्ये ताणणारं कापड, नाडी आतल्या बाजूला, लांबी अर्ध्या मांडीच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. खाली पूर्ण लांबीचे स्पॅट, म्हणजे पायाला घट्ट बसणारी ताणणारी पँट, घातले तर गुडघ्याला मॅटची सालटं निघत नाहीत. स्पर्धेला जायचं असेल तर रॅशगार्डवर आपल्या पट्ट्याचा, म्हणजे आपल्या पायरीचा, रंग किमान १० टक्के लागतो, बाकी काळा-पांढरा.

काय घालून काय शिकावं

गीमध्ये कापड हे हत्यार असतं. कॉलर, बाही, पँटचा पाय, अगदी जॅकेटचं मोकळं टोकसुद्धा. त्यामुळे वेग कमी होतो आणि चूक झाली की समोरचा धरून ठेवतो; नुसतं जोर लावून सुटता येत नाही, रीतसर सुटावं लागतं. नवख्याला हे कंटाळवाणं वाटतं, पण सुटायचा क्रम यातच अंगात मुरतो. नो-गीत घामाने हात निसटतो, म्हणून नवखा सुटतो आणि आपल्याला सुटता येतं असं समजतो. कोकणात तर पाचव्या मिनिटाला सगळेच मासोळीसारखे निसटायला लागतात.

उलट बाजूही तितकीच खरी. नो-गीत मनगट, काख, मान आणि कंबर यांवरच पकड बसते. अंग समोरच्याला चिकटवून ठेवायला लागतं. गीतल्या बाहीच्या पकडीवर सगळा खेळ उभारलेला माणूस रॅशगार्डवर आला की त्याचे हात रिकामे पडतात. कुस्तीतून आलेल्यांना नो-गी लवकर जमते: पट काढणं, मागे जाणं, कंबर धरून पाडणं हे त्यांच्याकडे आयतं असतं. एक खोड मात्र मोडावी लागते. कुस्तीत पाठ टेकली की हार, म्हणून पैलवान संकटात पोटावर वळतो. जिउ-जित्सूत पोटावर वळणं म्हणजे पाठ देणं. समोरचा पाठीवर चढून गळा आवळतो, आणि अंगात गी असेल तर आपलीच कॉलर आपल्याला फास होते.

दुखापतीही वेगवेगळ्या. गीने बोटांचे सांधे सुजतात, कारण जोरात ओढलेल्या बाहीत बोटं अडकलेली असतात. पकड निसटायला लागली की सोडून द्यावी, शेवटच्या पेरावर लोंबकळू नये. अर्धा इंची झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी सांध्याच्या वर एक, खाली एक वेढा देऊन मध्ये फुलीच्या आकारात बांधावी, सांधा वाकता राहिला पाहिजे. दमट हवेत पट्टी सुटते, म्हणून बोटं आधी कोरडी पुसा. नो-गीत धोका गुडघ्याला, कारण तिथे पायाचे डाव जास्त चालतात. टाच पिळायच्या डावात, हील हुकमध्ये, दुखायच्या आधी गुडघ्याची अस्थिबंधनं तुटू शकतात. आयबीजेजेएफने हा डाव २०२१ पासून नो-गीत फक्त प्रौढ तपकिरी आणि काळ्या, म्हणजे वरच्या पायरीच्या, पट्ट्यांना मोकळा केला, तो उगाच नाही. नवा क्लास बघायला जाल तेव्हा हा डाव कोणाला करू देतात हे विचारा. 'सगळे करतात' असं उत्तर आलं तर चपला घालून परत या.

आमचा कौल असा: नोव्हेंबर ते मे आठवड्याला दोन दिवस गी, एक दिवस नो-गी, जून ते ऑक्टोबर उलटं. पावसात गी पूर्ण बंद करू नये, बोटांची ताकद आणि कॉलरची नजर दोन्ही जातात. आठवड्यात एक गी, तीही शनिवारी, म्हणजे वाळायला रविवार मिळतो.

मे महिना आणि ऑक्टोबरचा उकाडा या दोन वेळी गीत उष्माघाताची भीती खरी असते. हवेत ओल इतकी की घाम गळतो पण उडत नाही, म्हणजे अंग थंड होत नाही. क्लासच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेलं. ते नुसत्या पाण्याने भरू नका. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कोकमाचं आगळ घालणार असाल तर त्यात मीठ आधीच असतं, वरून घालू नका.

कातडी आणि मॅट

नायटा, म्हणजे गजकर्ण, हा या खेळाचा जुना सोबती, आणि कोकणातल्या हवेत तो सुखाने नांदतो. गोल, कडेला लालसर, खाजणारा चट्टा दिसला की मॅटवर उतरायचं नाही. औषधाच्या दुकानातून तीन-चार औषधं मिसळलेली मलमं आपण होऊन लावू नका. त्यातल्या स्टेरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत कमी होते, बुरशी मात्र पसरते आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि चट्टा गेला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. गीने अंग झाकलं जातं म्हणून संसर्ग कमी होतो असं म्हणतात. कोरड्या, धुतलेल्या गीपुरतं ते खरं. दमट गीपेक्षा कोरडा, पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड केव्हाही बरा.

नो-गीत घाम कापडात जिरत नाही, मॅटवर पडतो. दर दोन फेऱ्यांनी पुसलं नाही तर पाय सटकतो आणि घोटा जातो. क्लास निवडताना मॅटचा पृष्ठभाग बघा. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या तुकड्यांच्या सांध्यांत घाम मुरतो आणि फटीत पायाचं बोट अडकतं. त्यावर एकसंध विनाइलचं आवरण ताणून घातलेलं असेल तर प्रश्न बराचसा मिटतो. मग एक कोपरा उचलून खाली बघा. पावसात फरशीला आणि शहाबादीला घाम सुटतो, मॅटची खालची बाजू काळी पडते. आठवड्यातून एकदा मॅट उचलून भिंतीला उभ्या लावणारा क्लास असेल तर दोन किलोमीटर लांब असला तरी तिथे जा.

पुसायला घरगुती हायपोक्लोराइट, चार-पाच टक्क्यांचं, लिटरभर पाण्यात २० मिलीलीटर. आधी साध्या पाण्याने घाम-धूळ काढायची, मग हे लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग पुसायचं. शिंपडून लगेच पुसलं तर फक्त वास येतो. द्रावण रोजच्या रोज ताजं करावं, बाटलीत भरून ठेवलेलं निकामी होतं. सगळं पुसून झाल्यावर पूर्ण कोरडं होईपर्यंत त्यावर गी टाकू नये, नाहीतर निळ्या जॅकेटवर पांढरे पट्टे उठतात.

गणपतीत क्लास आठ-दहा दिवस बंद असतात आणि बहुतेक गी याच दिवसांत मरतात: घाईत धुतलेली, जवळजवळ वाळलेली, कपाटात घडी घालून ठेवलेली. घडी नको, कपाट नको. माजघरात दांडीवर उलटी टांगलेली राहू द्या. पाहुणे विचारतील हे काय म्हणून. आरती झाली की सांगा, आणि रात्री पंखा तिच्याकडे फिरवा.